रुपे आणि रुपया

‘रुपया’ हा शब्द संस्कृत ‘रूप्य’पासून आला. पाणिनीने ‘रूप्य’ शब्द ‘आहत’, म्हणजे ठसा उमटविलेले, या अर्थी साधला आहे. चांदी हाही त्याचा रूढ अर्थ होय. ठसा व धातू यांचे हे ऐक्य व्यवहारातही होते. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा व १२ भागांत ११ भाग शुद्ध ठरला. टांकसाळीत चांदी देऊन अल्प शुल्कात रुपये पाडून घेता येत. म्हणून संचय लगडीत करावा, वाळ्यांत की नाण्यांत, हा प्रश्न मुख्यत्वे मजुरी व घट यांपुरताच होता. २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या. पुढे नाण्याचे मोल सावरले, चांदीचे मात्र उतरले. १८९६-९७ च्या दुष्काळात दागिने मोडून धान्य घेणाऱ्या कुणब्याने ही तूट सोसली. ठसा व रुपे यांची फारकत झाली. शब्द तेवढा अखंड राहिला.