लोडाला टेकलेला माणूस

आमच्या घरात भिंतीवर माणसाचं चित्र नसे. सुंदर अक्षरांतल्या आयती आणि मक्का-मदिनेचं कॅलेंडर, एवढंच. त्यामुळे बी.ए.ला असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात इनायत खानाचं चित्र पाहिलं, तेव्हा मी दचकलोच.

गोष्ट 1618 सालची. इनायत खान हा जहांगीर बादशहाच्या खास सेवकांपैकी एक. अफूचं व्यसन, त्यात दारू. शरीर पार खंगलं. आग्र्याला जाण्यापूर्वी निरोप घ्यायला त्याला पालखीतून आणलं. हाडांवर नुसती कातडी उरलेली पाहून बादशहा थक्क झाला. त्यानं चित्रकारांना त्याची तसबीर काढायला सांगितलं, खर्चासाठी पैसे दिले आणि निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी इनायत खान वारला. जहांगीरनं हे स्वतःच आपल्या आठवणींत नोंदवलं आहे.

या प्रसंगाचं रेखाटन आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मुघल दरबारी चित्रांत माणसाचा दर्जा दिसतो तो दागिन्यांवरून, पगडीवरून, कमरेच्या कट्यारीवरून. इथे त्यातलं काही नाही. लोड तेवढे गुबगुबीत, त्यांना टेकलेला माणूस वाळलेला. अंगरखा उघडा, बरगड्या मोजून घ्याव्यात. डोळ्यांत अश्रू नाहीत, आजूबाजूला रडणारं कुणी नाही. मागे मोकळी भिंत. सारी वेदना त्या खोल गेलेल्या नजरेत.

मरणाऱ्या माणसाला समोर बसवून चित्र काढवणं क्रूर नव्हे का? जहांगीर मोठा कुतूहलाचा माणूस. दरबारात आलेल्या अनोळखी टर्की पक्ष्याचंही त्यानं चित्र काढवलं होतं. पण तो स्वतःही दारू आणि अफूच्या आहारी गेलेला होता. त्याचा एक भाऊ मुराद 1599 मध्ये दख्खनेत, दुसरा दानियाल 1605 मध्ये बुऱ्हाणपुरात, दोघेही दारूपायीच गेले. इनायत खानाकडे पाहताना त्याला ते आठवले नसतील, असं मला वाटत नाही. आणि चित्रकाराचं म्हणाल तर त्यानं काही लपवलं नाही, पण थट्टाही केली नाही.

ते पुस्तक मी घरी आणून भीत भीत अम्मीला दाखवलं. ती रागावेल, असं वाटलं होतं. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘इसको पानी तो पिलाया क्या किसीने?’’

चित्र जायज की नाजायज, हे विचारायचं ती विसरूनच गेली होती.