बाहुल्यांचा पगार



कामवाल्या बाईंचे खाडे कॅलेंडरवर मांडायची सवय आपल्यापैकी बहुतेकींना आहे. इजिप्तच्या तुतनखामुन राजाकडे मात्र खाड्याला जागाच नव्हती. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला त्याचे थडगे सापडले. त्यात उशब्ती म्हणजे सेवकांच्या ४१३ लहान मूर्ती होत्या. मी बी.कॉम., आकडा दिसला की फोड करून पाहते. वर्षाच्या दर दिवसाला एक असे ३६५ मजूर. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, म्हणून ३६ मुकादम. शिवाय दर महिन्याला एक, असे १२ मोठे मुकादम. बेरीज बरोबर ४१३! सोबत इवल्याशा कुदळी, टोपल्या अशी १,८६६ अवजारे.

कशासाठी? तर मेल्यावरही शेत कसावे लागते, पाणी द्यावे लागते, वाळू वाहावी लागते, अशी त्यांची समजूत. राजालाही ते चुकत नसे. कामाची हाक आली की मालकाऐवजी उशब्तीने ओ द्यायची. तसा मंत्रच कितीतरी मूर्तींच्या अंगावर कोरलेला असे. सुदानमध्ये नुरी येथे तहरका राजाच्या पिरॅमिडमध्ये तर हजारावर दगडी उशब्ती निघाल्या. आपल्याकडे ज्याचे कर्म त्यानेच भोगायचे, बदली कामगार चालत नाही. त्यामुळे आधी मला या राजांचे हसूच आले.

मग नेसखोन्सबद्दल वाचले. थेबिसचा महापुजारी दुसरा पिनेजेम, त्याची ही बायको, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातली. त्या काळी तिथला कारभार या महापुजाऱ्यांच्याच हाती होता. तिच्या उशब्तींबाबत आमोन देवाचा हुकूम लाकडी फळ्यांवर लिहिलेला आहे. एक फळी पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, दुसरी ब्रिटिश म्युझियममध्ये. मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांना तांबे, कपडे, भाकरी, मासे असे जे दिले, तीच उशब्तींची मजुरी धरावी आणि त्यांनी तिचे काम करावे, असा त्याचा अर्थ. म्हणजे निर्जीव बाहुलीकडूनही फुकट राबवून घ्यायचे नाही. वर दिल्याची नोंदही हवी!

मला माझी जुनी वही आठवली. आमच्या बाईंचा मुलगा तापाने फणफणला होता, तेव्हाचे चार खाडे मी कापले होते. तेव्हा ते चोख हिशेब ठेवणे वाटले. आता त्या काम सोडून मुलाकडे असतात. दिवाळीला आल्या की साडी देते, पण ते पैसे राहिलेच. चाळीस रुपये होतात, वही काढून पाहिले.