वेंगुर्ला रोड आणि मामांची सायकल

बेळगावला समुद्र नाही, पण रस्त्यांची नावं मात्र समुद्राच्या वाटेची. रामघाट रोड, वेंगुर्ला रोड. नावं आपण रोज घेतो, कारण विसरलो.

रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लं. मीठ, खोबरं, छावणीचं सामान बैलगाड्यांनी घाट चढून यायचं. आधी रामघाटानं, पुढं आंबोलीच्या रस्त्यानं. १८८८ साली मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली. माल तिकडं वळला आणि सुमारे १२० किलोमीटरचा हा रस्ता निवांत झाला.

त्या मोकळ्या रस्त्यानं आमचं घर जोडून ठेवलं. आईचं माहेर वेंगुर्लं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या. तरी मामा दर भाऊबीजेला सायकलनं यायचे. आंबोलीचा घाट सायकल हातात धरून चढायचा, वर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी चंदगड तालुक्यातनं शिनोळीवरून बेळगाव. कॅरिअरला आमसुलं आणि सुके बांगडे.

आई ओवाळताना रागवायची, "दादा, पुढच्या वर्षी एसटीनं ये."

"वाटेत माणसांपेक्षा माकडंच जास्त भेटतात गं, भीती कसली?" मामा हसायचे.

पुढं त्यांचे गुडघे गेले. मग भाऊबीजेला आईच एसटीनं वेंगुर्ल्याला जाऊ लागली.

आता पावसाळ्यात आंबोलीला गाड्यांची रांग लागते. त्या रस्त्यानं सायकलवर आलेलं तुमच्या घरी कुणी होतं का? असेल तर जरूर लिहा.