नेमबाजाची रायफल त्याच्या मापाची कशी केली जाते?

महागडी रायफल घेतली की नेम आपोआप लागतो, असा अनेकांचा समज असतो. पण दुसऱ्याच्या मापाची रायफल हातात आली, तर कसलेला नेमबाजही अडखळतो. शिंपी अंगाचं माप घेऊन कपडा शिवतो, तशीच स्पर्धेची रायफलही नेमबाजाच्या शरीराप्रमाणे जुळवावी लागते.

मिलिमीटरचा खेळ

10 मीटर एअर रायफलमध्ये 4.5 मिमी जाडीचा छर्रा वापरतात. लक्ष्यावरचा 10 गुणांचा ठिपका असतो फक्त अर्धा मिमी. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण 75 सेंमी अंतर धरलं, तर त्यांच्या जुळणीत 1 मिमीची चूक झाल्यास छर्रा लक्ष्यावर सुमारे 13 मिमी सरकतो. लक्ष्यावरची वर्तुळं अडीच-अडीच मिमी अंतरावर असतात. म्हणजे पाच गुण गेलेच!

आधी शरीर, मग साइट

नवशिके सर्वांत आधी साइटचे स्क्रू फिरवतात. खरा क्रम उलटा आहे.

1. बट-प्लेट : खांद्याला टेकणारा भाग. रायफल उचलल्यावर ती दरवेळी त्याच जागी बसावी, इतकी त्याची लांबी आणि उंची ठेवतात.
2. चीक-पीस : गाल टेकवण्याची जागा. मान न वाकवता डोळा थेट साइटसमोर आला पाहिजे.
3. ग्रिप आणि ट्रिगर : मनगट सैल राहावं आणि बोट सरळ मागे ओढलं जावं, अशी जुळणी करतात.
4. वजन : तोल साधण्यासाठी छोटी वजनं लावता येतात. मात्र साइटसह एअर रायफल 5.5 किलोपेक्षा जड चालत नाही.

यानंतर एक सोपी चाचणी. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. रायफल बाजूला गेली असेल, तर हातांनी ओढून आणायची नाही. पावलं सरकवायची.

साइटची पाळी सर्वांत शेवटी येते. एका नेमावरून निर्णय घेत नाहीत. पाच छर्रे एकाच ठिकाणी पण मध्याच्या डावीकडे लागले, तर साइट उजवीकडे काही ‘क्लिक’ फिरवतात. छर्रे विखुरले असतील, तर दोष बहुधा उभं राहण्यात असतो. तेव्हा साइटला हात लावत नाहीत.

तीन पोझिशन, तीन मापं

50 मीटर थ्री-पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम साधावा लागतो. प्रत्येक वेळी शरीराचा आकार बदलतो, म्हणून रायफलची मापंही बदलावी लागतात. ही मापं आधीच ठरवून, लिहून ठेवलेली असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं.

जुळणी बिघडली तर?

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीच्या दिवशी अभिनव बिंद्राच्या रायफलची साइट तुटली. ती बदलून तो खेळला. पदकांच्या उंबरठ्यावर बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये 10.0 विरुद्ध 10.5 अशा फरकाने तो चौथा राहिला. पराभवाचं कारण तीच साइट होती, असं म्हणता येणार नाही. पण जिथे अर्ध्या गुणावर पदक हुकतं, तिथे नेमबाज प्रत्येक स्क्रूची खूण वहीत का नोंदवून ठेवतात, हे मात्र कळतं.