रांगितोतोचे वय

न्यूझीलंडमधील ऑकलंड हे पंधरा लाखांहून अधिक वस्तीचे शहर सुमारे त्रेपन्न ज्वालामुखींवर पसरलेले आहे. त्यांपैकी बहुतेक लहान टेकड्या होत. काहींवर उद्याने आहेत, तर काही दगडांसाठी खणून सपाट झाल्या. यातील बहुतेक मुखे एकदाच पेटली आणि कायमची विझली. पुढचा उद्रेक जुन्या मुखातून न होता एखाद्या नव्याच जागी, कदाचित भर वस्तीतही, होण्याचा संभव असतो. म्हणूनच पूर्वीचे उद्रेक केव्हा झाले हा प्रश्न तेथे निव्वळ विद्वानांचा राहिलेला नाही.

पण दगडाचे वय काढणे सोपे नाही. द्रवरूप लाव्ह्यातून आरगॉन वायू निघून जातो आणि खडक थिजल्यावर पोटॅशियमपासून तो पुन्हा साठू लागतो. त्यावरून काळ मोजतात. बंदराच्या मुखाशी असलेल्या रांगितोतो बेटावर ही रीत चालवली तेव्हा वय लाखाहून अधिक वर्षांचे निघाले! लाव्ह्यात जुना आरगॉन अडकून राहिला होता. प्रत्यक्षात हे बेट अवघे सहाशे वर्षांचे आहे. शेजारच्या मोटुटापू बेटावर त्याच्या राखेत माओरी माणसांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले सापडले. याहून बोलका पुरावा कोणता हवा? राखेने गाडलेल्या लाकडातील कार्बनही तेच सांगतो. मात्र कार्बनाची मात्रा पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही.

अशा वेळी तळी उपयोगी पडली. पुपुके किंवा ओराकेई येथील जुन्या मुखांत पाणी साचून तळाशी गाळाचे थर बसत गेले आणि शेजारी उद्रेक झाला की त्यांत राखेची पातळशी रेघ उमटली. सुमारे पंचवीस हजार पाचशे वर्षांपूर्वी तौपोच्या महास्फोटाची राखही इथवर आली होती. असे ज्ञात थर खुणेचे दगड मानून मधल्या रेघांचा काळ गाळाच्या जाडीवरून काढता येतो. रेघ कोणत्या टेकडीची, हे मात्र राखेच्या रसायनावरूनच जुळवावे लागते, आणि ते काम किचकट आहे.

यातून जे चित्र दिसले ते स्वस्थ बसू देणारे नाही. सर्वांत जुने मुख सुमारे एक लाख नव्वद हजार वर्षांचे. तेव्हा सरासरी काढली तर साडेतीन हजार वर्षांत एक उद्रेक पडतो. पण निसर्गाने ही सरासरी कधी पाळलीच नाही. विरी, क्रेटर हिल आणि पुकेटुटु या तिघांच्या खडकांत चुंबकत्वाची एकच विलक्षण दिशा गोठलेली आढळली. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र अशा रीतीने थोडाच काळ ढळते. म्हणजे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी हे तिन्ही ज्वालामुखी पाठोपाठ पेटले असले पाहिजेत. उलट मौंगारेई दहा हजार वर्षांपूर्वी शांत झाल्यावर रांगितोतोपर्यंत साडेनऊ हजार वर्षे सामसूम होती. आणि हे शेवटचे अपत्य सर्वांत दांडगे निघाले: साऱ्या क्षेत्रातील लाव्ह्याचा फार मोठा वाटा त्या एकट्याचा आहे.

२००८ साली शासनाने काल्पनिक उद्रेक धरून शहर रिकामे करण्याची रंगीत तालीम केली आणि त्याच वर्षी विद्यापीठ व भूगर्भसंस्थेने मिळून या क्षेत्राच्या अभ्यासाची दीर्घ योजना हाती घेतली. शिलारस ऐंशी-नव्वद किलोमीटर खोलीवरून उसळतो. तो वर येऊ लागल्यावर भूकंपमापक यंत्रे सूचना देतील खरी, पण तेव्हा हाती काही दिवस किंवा आठवडेच असतील.