चट्टा आणि छातीचा फोटो

अंगावरचा चट्टा बधिर असला की पुण्यातला रुग्ण कोंढव्याच्या डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालयाची वाट धरतो. खोकला हटत नसला की औंधच्या उरो रुग्णालयाची. पण चट्टाही आहे आणि छातीच्या फोटोत गाठीही सुजल्या आहेत, अशा माणसाने जायचे कुठे? हा विषय त्या माणसाचा आहे.

चट्टा आणि गाठी, दोन्हींच्या मागे ग्रॅन्युलोमा असू शकतो. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने घातलेला वेढा. जे मारता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, त्याच्याभोवती मॅक्रोफेज पेशी जमतात, रूप पालटून एकमेकींना चिकटतात. क्षयात वेढ्याचा मधला भाग बहुधा नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा होतो. कुष्ठरोगात वेढा नसांना धरून असतो. सार्कॉइडोसिस या तिसऱ्या आजारात तो सहसा स्वच्छ, चोथ्याविना दिसतो. मात्र वेढले आहे कोणाला, ते अजून कळलेले नाही.

सार्कॉइडोसिसला नाव मिळाले ते कातडीवरून. नॉर्वेच्या सीझर बोक यांनी 1899 मध्ये 'सार्कॉइड' हा शब्द वापरला. कातडी, फुफ्फुसे आणि गाठी यांचा आजार एकच, हे 1914 मध्ये लिहिणारे स्वीडनचे शाउमान हेही त्वचारोगतज्ज्ञच.

आपल्याकडे खरी पंचाईत क्षयाची. गाठी दिसल्या की एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू होते, आणि त्या डॉक्टरला सरसकट दोष देणे मला पटत नाही, कारण इथे क्षयच जास्त. उलटी चूक अधिक घातक: क्षयाला सार्कॉइडोसिस समजून स्टिरॉइड दिले तर जंतूला रान मोकळे. तरीही दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी सारख्याच गाठी, ताप जेमतेम, वजन टिकून आणि मॅंटू (क्षयाची कातडीवरची चाचणी) कोरी, असे असेल तर घाई नको. क्षयाचा जंतू जिथे इतक्यांना भेटून गेलेला असतो, तिथे कोरी मॅंटू हीच एक बातमी आहे; निकाल मात्र नव्हे.

निकाल तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर (बायोप्सीवर), आणि तुकडा चुकीचा घेणे फार सोपे. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, तो एरिथिमा नोडोसम. सार्कॉइडोसिसमध्ये तो दिसतो, क्षयात आणि कुष्ठावरच्या औषधांच्या काळातही तशाच गाठी दिसू शकतात. सार्कॉइडोसिसमध्येही त्या गाठीच्या तुकड्यात सार्कॉइडचा ग्रॅन्युलोमा सापडत नाही. सापडते ती चरबीची सूज. दुसरी चूक त्याहून साधी: सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा. मग कल्चर कशाचे करणार? थोडा भाग सलाइनमध्ये ठेवा.

छातीतल्या गाठीपर्यंत पोहोचायला आता श्वासनलिकेतून सोनोग्राफी करत सुई घालता येते. पण त्याआधी रुग्णाला खिडकीजवळ, उजेडात उभे करा. जुने व्रण, लसीची खूण, हातावरचे गोंदण नीट पाहा. सार्कॉइड अशा जुन्या खुणांत उगवतो. वर्षानुवर्षे सपाट असलेला व्रण अलीकडे लाल होऊन फुगला असेल, तर पहिला तुकडा तिथलाच घ्या.