पेन्शनर किती जगतो?

१८१८ च्या जूनमध्ये असीरगडाजवळ, धूळकोटच्या बाजूला, दुसऱ्या बाजीरावांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमपुढे शस्त्र ठेवले. जुन्या खानदेश सुभ्याच्याच या भूमीवर पेशवाईचा शेवटचा सौदा झाला: राज्य सोडायचे, बिठूरला जाऊन राहायचे आणि बदल्यात मरेपर्यंत वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना ही रक्कम फार वाटली. पण नुसत्या आठ लाखांवरून हा सौदा महाग की स्वस्त हे कळत नव्हते. ते ४३ वर्षांचे पेशवे पुढे किती वर्षे जगतात, यावर ठरणार होते.

ते १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. ७६ व्या वर्षी वारले तेव्हा कंपनीने अडीच कोटींहून जास्त रुपये मोजले होते. नंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांच्या दत्तक मुलाला, नानासाहेबांना, ती नेमणूक नाकारली, त्याचे पुढे काय झाले ते शाळेत शिकवतात. मला इथे गणित महत्त्वाचे वाटते, कारण ते तेव्हाही उपलब्ध होते.

एडमंड हॅलेने, त्याच धूमकेतूवाल्या हॅलेने, १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोष्टक बांधले. कास्पर नॉयमन नावाच्या धर्मगुरूने त्या नोंदी जमवल्या होत्या. कोणत्या वयाच्या किती माणसांपैकी वर्षभरात किती जातात हे कळले, की हयातभर दरसाल एक रुपया देण्याची आजची किंमत काढता येते. सहा टक्के व्याज धरून हॅलेने ती ४० वर्षांच्या माणसासाठी १०.५७ रुपये आणि साठीच्या माणसासाठी ७.६० रुपये काढली. इंग्लंडचे सरकार मात्र त्या काळी हयातभराच्या वार्षिकी, म्हणजे अशा दरसालच्या नेमणुका, वय न पाहता सरसकट सात वर्षांच्या रकमेला विकत होते. सात वर्षांची पोर आणि सत्तरीचा आजोबा, दोघांना एकच भाव! बाजीरावांच्या ३२-३३ वर्षांच्या नेमणुकीची किंमत मी त्याच सहा टक्क्यांनी काढून पाहिली. ती साधारण १४ पट येते. म्हणजे हॅलेच्या कोष्टकापेक्षा पेशवे बरेच पुढे गेले. एकाच माणसाच्या बाबतीत असे होणारच, त्याचा दोष कोष्टकाला देता येत नाही. हजारो माणसे एकाच दिशेने चुकली, तर मात्र कोष्टकच तपासावे लागते.

इंग्लंडवर ती पाळी आली. १८०८ पासून तिथले सरकार नॉर्दम्प्टनच्या कोष्टकावर वार्षिकी विकू लागले. त्या कोष्टकात माणसे खऱ्यापेक्षा लवकर मरत होती. विमा विकताना ही चूक फायद्याची ठरते, पेन्शन विकताना तोट्याची. सरकारी विमागणिती जॉन फिनलेसन याने तोटा उघड केला आणि १८२९ मध्ये नवे कोष्टक दिले. त्यातही अतिवृद्धांचे दर कच्चे राहिले. सट्टेबाजांनी हे हेरले. त्यांनी स्कॉटलंडमधून नव्वदीच्या आसपासचे ठणठणीत म्हातारे शोधून काढले, त्यांच्या नावावर वार्षिकी घेतली आणि त्यांची बडदास्त ठेवली. हा सारा इतिहास मला याच प्रसंगासाठी आवडतो. पेन्शन घेणारा माणूस सरासरी माणसासारखा मरत नाही, ही विमागणितातली सर्वांत महागडी शिकवण सरकारला या म्हाताऱ्यांनी दिली.

आपल्याकडे १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशात भिल्ल नाईकांनाही पेन्शनी बांधून दिल्या. पण इथल्या माणसांची मृत्युसारणी कुणाकडेच नव्हती. गावात कोण जन्मले, कोण गेले हे कोतवाल बुकात लिहिले जाई. त्याच मोडी वह्या २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात पुन्हा उघडल्या गेल्या. पेन्शनच्या हिशेबासाठी त्या अपुऱ्या होत्या, कारण मेलेला माणूस किती वर्षांचा होता हे अंदाजानेच टाकलेले असे. त्यामुळे देशाच्या पातळीवर विमागणित्यांनी जनगणनेचा आधार घेतला. १८८१, १८९१ आणि १९०१ च्या आकड्यांवरून जी. एफ. हार्डी याने सारण्या केल्या. छप्पनचा दुष्काळ आणि प्लेग त्या काळच्या सारण्यांत उमटले. १९०१-११ मध्ये भारतीय पुरुषाचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान जेमतेम २३ वर्षांचे होते, ते पुढच्या, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या दशकात २० च्या आसपास घसरले.

या २३ चा अर्थ नेहमी चुकीचा लावला जातो. तेव्हा माणसे तेविशीत मरत नव्हती, पोरे पाळण्यात मरत होती. जो साठीला पोचला, त्याला पुढे आणखी नऊ-दहा वर्षे मिळत. १९७०-७५ मध्ये साठीनंतरची वर्षे पुरुषांना १३.४ आणि बायकांना १४.३ झाली, आणि अलीकडच्या नमुना नोंदणीत ती १८ च्या आसपास आहेत. जन्मवेळचे आयुर्मान शंभर वर्षांत तिप्पट झाले, साठीनंतरचे जेमतेम दुप्पट. पेन्शनचा संबंध या दुसऱ्या, मंद आकड्याशी आहे. तो मंद असला, तरी सरकारी तिजोरीवरचा प्रत्येक वाढीव महिना त्याच्याच खात्यात जातो.

विमा कंपन्यांनी आपापल्या नोंदी जमवल्या. १८७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ओरिएंटल कंपनीकडे भारतीय विमेदारांच्या मृत्यूंचा सर्वांत मोठा साठा होता. त्यातून १९२५-३५ ची सारणी निघाली आणि ती पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली. १९३१ च्या जनगणनेचा विमागणिती अहवाल एल. एस. वैद्यनाथन यांनी केला. १९५६ मध्ये ओरिएंटल आयुर्विमा महामंडळात विलीन झाली, मग महामंडळाच्या सारण्या आल्या: १९७०-७३, १९७५-७९, १९९४-९६. या सगळ्या विमेदारांच्या. वार्षिकीधारकांची स्वतंत्र सारणी १९९६-९८ च्या नोंदींवरून झाली. स्कॉटलंडच्या म्हाताऱ्यांची शिकवण आपल्या कोष्टकात उतरायला दीडशेहून जास्त वर्षे लागली.

या लांबलचक वाटेचा खानदेशाशी रोजचा संबंध रेल्वेच्या भुसावळात लागतो. रेल्वेत पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९५७ ला आली. त्याआधी भविष्य निर्वाह निधीची एकरकमी रक्कम मिळे. जुन्या नोकरांना निवड दिली, पुढेही ती वारंवार दिली, तरी अनेकांनी निधीच धरला. आज हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. पण साठीनंतर बारा-तेरा वर्षे मिळण्याचा जमाना, महागाई भत्त्याची खात्री नाही आणि हातात रोख रक्कम, हे सगळे धरले तर तो हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता. आयुष्य वाढले, पेन्शन महागाईबरोबर वाढू लागली आणि निधी घेतलेले मागे पडले. १९९० मध्ये कृष्णकुमार खटल्यात त्यांची पेन्शनची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तोवर १९८२ च्या नाकारा खटल्याच्या निकालाने पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क असल्याचे ठरवले होते. तो हक्क त्यांच्या दारात आला नाही.

आता जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक निवृत्त शिक्षकाला, तलाठ्याला पाठ असलेला आकडा पाहू: ८.३७१. पेन्शनचा काही भाग विकायचा, म्हणजे कार्यालयीन भाषेत अंशराशीकरण करायचे, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला विकलेल्या वार्षिक रकमेच्या ८.३७१ पट रोख मिळते. ही रक्कम १५ वर्षे कापून मग पूर्ण पेन्शन सुरू होते. आधी हाच गुणक १०.४६ होता. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी व्याज पावणेपाचवरून आठ टक्के धरले आणि मृत्यूचा दर महामंडळाच्या १९९४-९६ च्या सारणीतून घेतला. ती सारणी विमेदारांची! विमा काढणाऱ्यांच्या मृत्यूंवरून पेन्शनरांच्या आयुष्याचा भाव ठरला.

कुणालाच मृत्यू नाही असे धरून आठ टक्क्यांनी हिशेब केला, तर ८.३७१ पट रक्कम साधारण साडेतेरा वर्षांत फिटते. उरलेले दीड वर्ष कशाचे? मध्येच गेलेल्याची कापणी थांबते आणि त्याच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून ती घेत नाहीत. त्यांच्या न फिटलेल्या हप्त्यांचा भार जगलेले वाहतात. ही व्यवस्था न्याय्य आहे, पण मध्ये किती जातात हा आकडा खरा असेल तोवरच. ५८ ते ७३ या वयातले मृत्यू कमी झाले की जगलेल्यांवरचा भारही कमी व्हायला हवा. १५ वर्षांची मुदत मात्र १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तशीच आहे. मुदत १२ वर्षांची करा ही पेन्शनर संघटनांची मागणी आठ टक्क्यांच्या गणितात पूर्ण बसत नाही, हे कबूल. पण १५ हा आकडा तपासूच नका, हे गणितही नाही.

मग सुधारणा मोजायची कशी? तत्त्व सोपे आहे. समजा एका कोषागाराच्या यादीत सत्तरीचे १,००० पेन्शनर आहेत आणि वर्षात २५ गेले. दहा वर्षांनंतर त्याच वयाच्या हजारांपैकी २० गेले, तर दर वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घसरण झाली. कठीण भाग यादीचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकली, म्हणून दर वर्षी ३१ मेला आपल्याकडे निवृत्तांची लाट येते. त्यातला कोण खरोखर ५८ चा आणि कोण ६० चा, हे सारणीला कळत नाही. मृत्यूची खबर बँकेत उशिरा पोचते, म्हणून कागदावर माणूस काही महिने जास्त जगतो. विधवा पेन्शनर कर्मचाऱ्यांपासून वेगळ्या मोजल्या नाहीत, तर दोन्ही आकडे बिघडतात.

पुढचे सांगणे तर आणखी निसरडे. १९९२ मध्ये रोनाल्ड ली आणि लॉरेन्स कार्टर यांनी जी रीत दिली, ती आजही मुळाक्षरासारखी वापरतात. प्रत्येक वयाचा मृत्युदर काळाबरोबर आपापल्या वेगाने खाली येतो, तो वेग मागच्या आकड्यांतून शोधायचा आणि पुढे ओढायचा. ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला पेन्शनरांचे आयुर्मान झपाट्याने वाढले, १९२५-४५ च्या दरम्यान जन्मलेल्यांत तर जास्तच. २०११ नंतर तो वेग मंदावला आणि आधीचे ओढलेले अंदाज कापावे लागले. मग कोरोना आला. २०२० च्या उन्हाळ्यात जळगावचा कोरोना मृत्युदर राज्यात सर्वांत चढ्या दरांत होता. अशी वर्षे मोजणीत धरायची की वगळायची, यावर विमागणित्यांत अजून एकमत नाही. माझे मत विचाराल तर धरायची. अशी वर्षे वगळली, तर सारणीला इतिहास म्हणून किंमत उरत नाही.

आता हा प्रश्न सरकारच्या तिजोरीतून माणसाच्या खिशात येतोय. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन मिळत नाही. तिच्या जागी आलेल्या योजनेत साठवलेल्या रकमेच्या काही भागातून वार्षिकी विकत घ्यायची, आणि तिचा दर विमा कंपनीच्या सारणीवर ठरतो. विमा नियामकाने २०२१ पासून वार्षिकीधारकांची २०१२-१५ ची नवी सारणी लागू केली. तीत माणसे आधीपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे तेवढ्याच पैशात महिन्याची रक्कम कमी येते. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेलेल्यांच्या घोषणेत हा हिशेब नव्हता, पण त्यांच्या भीतीत होता.

खानदेशात नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा, भरताच्या वांग्यांचा आणि हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ पासून बोटाच्या ठशाने आणि २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक पेन्शनर हयात असल्याची तारीखवार नोंद होतेच, आणि दाखला न आल्यास कुणाची पेन्शन थांबवायची हेही त्याच नोंदीतून ठरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार कोषागारांनी या नोंदींतून नावे वगळून फक्त वय, लिंग, हयात आणि मृत्यू एवढे चार रकाने दर वर्षी जाहीर करावेत. पाच वर्षांत खानदेशच्या पेन्शनरांची स्वतःची सारणी तयार होईल, आणि पुढच्या वेतन आयोगापुढे १५ वर्षांच्या मुदतीबद्दल बोलताना संघटनांच्या हातात निवेदनाबरोबर आकडाही असेल.